नव्या गाडीच्या टायरमधली हवा: कोणता आकडा खरा मानावा

पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी ताब्यात घेताना आम्ही चारही चाकांखाली लिंबे ठेवली, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, नारळ वाढवला आणि पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली हातात धरून फोटोही काढून घेतला. ज्या चाकांखाली लिंबे ठेवली त्या चाकांत हवा किती आहे, हे विचारायचे मात्र कोणालाच सुचले नाही. त्याच दुपारी पुण्याहून साताऱ्याला जाताना प्रत्येक गतिरोधकावर गाडी टणकन उडत होती. मागे बसलेल्या आईने ‘नवी गाडी अशीच कडक असते का रे?’ असे विचारले, तेव्हा सस्पेन्शन रुळायला थोडा वेळ लागतो, असे मी आत्मविश्वासाने ठोकून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी हवेचा दाब मोजायचे गेज लावले तर पुढच्या डाव्या चाकात ४६ पीएसआय (हे दाबाचे एकक) हवा निघाली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ छापलेले होते.

हा प्रकार अपवादात्मक नाही आणि त्यामागे कारणही आहे. कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवरून किंवा रेल्वेने येते, मग वितरकाच्या यार्डात काही आठवडे, कधी काही महिने, एकाच जागी उभी राहते. गाडीचे सगळे वजन टायरच्या त्याच भागावर राहिले तर तो भाग चपटा होऊ लागतो. तो होऊ नये म्हणून वाहतुकीच्या आणि साठवणीच्या काळात टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा ठेवली जाते. ग्राहकाच्या हाती गाडी देण्यापूर्वी जी तपासणी होते, जिला शोरूमची माणसे ‘पीडीआय’ म्हणतात, तिच्यात ही हवा ठरलेल्या दाबापर्यंत खाली आणणे अपेक्षित असते. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी अशा दिवशी एकेका शोरूममधून रांगेने गाड्या बाहेर पडतात, आणि त्या घाईत धुणे, पुसणे, रिबन बांधणे ही दिसणारी कामे होतात, न दिसणारे हे काम राहून जाते. उलट प्रकारही घडतो: यार्डात फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या एखाद्या टायरमधली हवा उतरलेली असते. म्हणून गाडी नवी असल्यामुळे हवा बरोबरच असेल, असे गृहीत धरू नये.

हवा तपासणे हे हाताचे काम म्हणून अगदी सोपे आहे. खरी गफलत होते ती कोणता आकडा प्रमाण मानायचा यात, कारण नव्या गाडीच्या मालकापुढे एकाच वेळी चार आकडे येतात: दाराच्या चौकटीवरचा, टायरच्या अंगावरचा, पंपावरच्या मुलाच्या तोंडचा आणि डॅशबोर्डवरचा.

यांपैकी पाळायचा तो पहिला. बहुतेक गाड्यांत चालकाचे दार उघडल्यावर चौकटीच्या मधल्या खांबावर, आणि काही गाड्यांत दाराच्या कडेवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस, एक लहान स्टिकर असतो. त्यावर टायरचा आकार आणि त्यापुढे पुढच्या व मागच्या चाकांचा दाब छापलेला असतो. हा दाब थंड टायरसाठीचा असतो आणि तो टायर बनवणाऱ्याने नव्हे, तर गाडी बनवणाऱ्याने त्या गाडीचे वजन, ब्रेक, वळणावरचा तोल आणि इंधनाचा खप यांचा मेळ घालून ठरवलेला असतो. स्टिकर वाचताना दोन गोष्टी नीट पाहाव्यात. एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलला वेगवेगळ्या आकाराची चाके असू शकतात, त्यामुळे स्टिकरवर दोन-तीन ओळी असतील तर आपल्या टायरच्या अंगावर जो आकार उमटवलेला आहे, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५, तीच ओळ धरावी. शेजाऱ्याकडे तीच गाडी आहे म्हणून त्याचा आकडा उसना घेऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे, अनेक स्टिकरांवर कमी माणसे बसलेली असतानाचा आणि गाडी पूर्ण भरलेली असतानाचा असे दोन रकाने असतात. त्याकडे पुढे येऊ.

एककांचा घोळ इथेच मिटवून टाकावा. आपल्याकडे बोलण्यात पीएसआय चालते, जुनी माणसे अजून ‘तीस पौंड हवा’ म्हणतात, आणि दोन्हींचा अर्थ एकच, दर चौरस इंचावर इतके पौंड. स्टिकरवर मात्र कधी किलोपास्कल, कधी बार, तर कधी चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम असे असते. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय आणि १ पीएसआय म्हणजे साधारण ६.९ किलोपास्कल, एवढे लक्षात ठेवले की पुरते. २३० किलोपास्कल, २.३ बार आणि ३३ पीएसआय हे व्यवहारात एकच दाब आहेत. गेजवर एकाहून अधिक पट्ट्या छापलेल्या असतील तर आपण कोणती वाचतो आहोत, याची एकदा खात्री करून घ्यावी.

टायरच्या अंगावर बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, बऱ्याचदा ४४ किंवा ५१ पीएसआय. नवखा मालक टायरकडे वाकून पाहतो, त्याला हा आकडा सापडतो आणि टायरवरच लिहिले आहे म्हटल्यावर तेवढी हवा भरायची असे तो समजतो. प्रत्यक्षात ती त्या टायरची थंड असतानाची कमाल मर्यादा आहे. तोच टायर वेगवेगळ्या वजनांच्या चार गाड्यांना लागू शकतो, आणि आपण कोणत्या गाडीला लागणार हे टायरला ठाऊक नसते. मर्यादेपर्यंत भरलेला टायर मधोमध फुगतो, रस्त्याला त्याचा कमी भाग टेकतो, नक्षी मधल्या पट्ट्यातच झिजते आणि पावसात ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. माझ्या गाडीचे ४६ पीएसआय आणि सातारा रस्त्यावरचा तिचा टणकपणा यांचा संबंध असा होता.

पंपावरच्या मुलाचा आकडा सवयीतून आलेला असतो. ‘साहेब, पस्तीस मारू?’ असे तो विचारतो आणि आपण मान हलवतो. त्याची यात चूक नाही, कारण समोर रांग असते आणि प्रत्येक गाडीचे दार उघडून स्टिकर वाचणे हे त्याचे काम नव्हे. आकडा आपण सांगावा, आणि पुढचा व मागचा वेगळा असेल तर तसा वेगळा सांगावा. पेट्रोल पंपावर हवा विनामूल्य मिळायला हवी, हेही जाता जाता सांगतो. दहा रुपये हातावर ठेवायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न.

आता थंड टायर म्हणजे काय, हे समजून घेणे सगळ्यांत महत्त्वाचे आहे, कारण इथे चुकले की बाकी सगळी काटेकोरपणे केलेली मोजणी वाया जाते. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा चालली असलीच तर दीड-एक किलोमीटरपेक्षा जास्त नसावी, आणि उन्हात तापलेली नसावी. चालताना टायर सतत दबतो आणि सुटतो, त्यातून तो तापतो, आतली हवाही तापते आणि दाब तीन-चार पीएसआयने सहज वाढतो. नुसत्या हवामानाचाही परिणाम होतो: तापमानात १० अंश सेल्सियसचा फरक पडला की दाबात साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी भरलेली हवा आणि डिसेंबरच्या पहाटे मोजलेली हवा यांत जो फरक दिसतो, त्यातला मोठा भाग गळतीचा नसून ऋतूचा असतो. सोसायटीत एका अंगाला भिंतीची सावली आणि दुसऱ्या अंगाला ऊन असेल, तर एकाच गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांतही तफावत दिसते. म्हणून सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, घराच्या दारातच मोजावे.

अडचण अशी की हवा भरायचा पंप घराच्या दारात नसतो. त्यावर उपाय सोपा आहे. समजा, स्टिकरवर ३३ आहे आणि सकाळी घरी मोजल्यावर २९ दिसले, म्हणजे ४ पीएसआय कमी आहेत. हे प्रत्येक चाकाचे कागदावर लिहून घ्यावे. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापला आणि तिथे त्याच चाकात ३१ दिसले, तर ३३ वर न थांबता ३१ मध्ये ४ मिळवून ३५ पर्यंत भरावे, कारण टायर थंड झाल्यावर तो ३३ च्या आसपास येणार असतो. आणि याच कारणामुळे, तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा कधीही सोडू नये. ती सोडायची झाली तर थंड टायरमधूनच.

या ठिकाणी आपल्याकडच्या एका जुन्या समजुतीचा समाचार घ्यायलाच हवा. उन्हाळ्यात, विशेषतः लांबच्या सिमेंटच्या रस्त्यावर जायचे असेल तर हवा दोन-चार पौंड कमी ठेवावी, म्हणजे तापल्यावर ती वाढून बरोबर होईल आणि टायर फुटणार नाही, असा सल्ला चांगली अनुभवी माणसेही देतात. तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण उलटा आहे. तापल्यावर दाब वाढणार, हे धरूनच स्टिकरवरचा थंड आकडा ठरवलेला असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक मुडपते, अधिक मुडपली की अधिक तापते, आणि ही उष्णताच टायरच्या आतले थर एकमेकांपासून सोडवते. नागपूर आणि मुंबई जोडणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने तासन्‌तास न थांबता धावणाऱ्या, माणसांनी आणि सामानाने भरलेल्या गाडीत कमी हवेचा टायर हा सगळ्यांत मोठा धोका आहे. नव्या टायरलाही यातून सूट नाही. असा प्रवास ठरला असेल तर स्टिकरवरचा पूर्ण वजनाचा रकाना पाहावा, त्यात जास्त दाब दिलेला असेल तर निघण्याच्या दिवशी सकाळी तेवढी हवा भरावी, आणि परत आल्यावर पुन्हा नेहमीच्या आकड्यावर आणावी. गणपतीला पाच माणसे, डिकीभर सामान आणि मांडीवर मखर घेऊन कोकणात उतरणाऱ्यांनाही हेच लागू आहे; सहसा मागच्या चाकांचा आकडा अधिक बदलतो, कारण भार तिकडे पडतो.

प्रत्यक्ष मोजण्यासाठी स्वतःचे गेज घ्यावे. काडीसारखे, घड्याळासारखे गोल आणि डिजिटल असे तीन प्रकार मिळतात. काही शे रुपयांत चांगले गेज येते आणि गाडीच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही. पंपावरच्या स्वयंचलित यंत्रात आकडा लावला की ते हवा भरून ‘टूं टूं’ वाजते. पण ते यंत्र शेवटचे कधी तपासले गेले, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. आपले गेज सोबत असले की दोन यंत्रांतला फरक एकदा कळतो आणि मग तो धरून चालता येते.

आता चाकाशी उकिडवे बसावे. वॉल्व्हचे काळे टोपण उलट दिशेने फिरवून काढावे आणि ते जमिनीवर न ठेवता खिशात टाकावे, कारण जमिनीवर ठेवलेले टोपण गटाराच्या जाळीकडे धावते, असा माझा अनुभव आहे. गेजचे तोंड वॉल्व्हवर सरळ आणि ठामपणे दाबावे. ते टेकताना क्षणभर ‘फुस्स’ होईल, त्यात काही बिघडत नाही. पण तो आवाज चालूच राहिला तर गेज तिरपे बसले आहे आणि आकडा कमी दिसणार आहे, असे समजावे. प्रत्येक चाकाचे दोनदा मोजावे. दोन्ही आकडे जुळले तर ठीक. न जुळल्यास तिसऱ्यांदा मोजावे. हवा जास्त असेल तर वॉल्व्हच्या मधोमध दिसणारी बारीक पिन गेजच्या मागच्या बोंडाने किंवा एखाद्या बोथट वस्तूने दोन-तीन सेकंद दाबून सोडावी आणि पुन्हा मोजावे. ४६ वरून ३३ वर यायला मला वाटले होते त्यापेक्षा बराच वेळ लागला, आणि घाईत एका चाकाची ३० पर्यंत उतरवून पुन्हा पंपाची वारी करावी लागली. म्हणून थोडी थोडी सोडावी.

टोपण लावण्यापूर्वी पंक्चरवाल्याची युक्ती वापरावी: बोट ओले करून वॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवावा. थेंब निश्चल राहिला तर ठीक, त्यात बुडबुडा फुगू लागला तर आतली पिन गळते आहे. पिन किंचित घट्ट केली की बहुधा भागते. मग टोपण हाताने बसेल इतके घट्ट करावे. त्याचे काम धूळ आणि चिखल आत जाऊ न देणे हे आहे, आणि आपल्या पावसाळ्यात ते काम लहान नाही.

चार चाके झाली म्हणजे काम झाले नाही. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनी पाहावी. वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर जादा चाक बनवणारी कंपनी होती, तिचे नाव आपल्याकडे त्या वस्तूलाच चिकटले. आजच्या पुष्कळ गाड्यांत ही स्टेपनी इतर चाकांपेक्षा अरुंद असते आणि तिचा दाब वेगळा, बऱ्याचदा ६० पीएसआय इतका असतो. तो तिच्याच अंगावर किंवा स्टिकरवर लिहिलेला असतो, आणि ती लावून ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नये, अशी सूचनाही बहुधा तिथेच असते. चार चाकांचा आकडा तिला लावला तर ऐन गरजेच्या वेळी ती बसकण मारील. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते: टायर ट्यूबलेस असतील, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिलेला असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना जादा चाकाची सक्ती नाही, असा बदल केंद्र सरकारने २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत केला. आपल्या गाडीत स्टेपनी आहे की संच, हे शोरूममधून निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

राहिला डॅशबोर्डवरचा आकडा. दाब दाखवणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे टीपीएमएसचे, दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक चाकात बसवलेला सेन्सर खरा दाब मोजून पडद्यावर दाखवतो. दुसऱ्यात सेन्सर दाब मोजतच नाही. चाके किती वेगाने फिरतात, याची ब्रेकच्या यंत्रणेतून माहिती घेऊन एखादे चाक इतरांहून वेगळे फिरू लागले की तो दिवा लावतो, कारण हवा उतरलेल्या चाकाचा घेर किंचित कमी होतो. नव्या गाडीच्या मालकाने हा दुसरा प्रकार नीट समजून घ्यावा. या यंत्रणेला आधी ‘हा दाब बरोबर आहे’ असे शिकवावे लागते, आणि यार्डातल्या जादा हवेवरच ती शिकवली गेली असेल तर तीच तिला योग्य वाटते. म्हणून चारही चाके स्टिकरप्रमाणे केल्यावर माहितीपुस्तकात दिलेल्या पद्धतीने तिला रीसेट करावे. दिवा लागत नाही म्हणजे हवा ठीक आहे, असेही मानू नये. अमेरिकेच्या नियमानुसार हा दिवा दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्क्यांनी खाली गेल्यावर लागणे बंधनकारक आहे. ३३ च्या हिशेबात ते सुमारे २५ पीएसआय होते, आणि तिथवर पोहोचलेला टायर आधीच पुष्कळ तापलेला आणि कडांना झिजलेला असू शकतो.

नायट्रोजनबद्दल हमखास विचारले जाते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा सावकाश झिरपतो, एवढाच फायदा. तापल्यावर त्याचाही दाब वाढतो आणि तोही मोजावाच लागतो. हौस असेल तर भरावा, आणि रस्त्यात कुठे कमी पडला तर वर साधी हवा भरायला हरकत नाही.

पहिल्या महिन्यात ही तपासणी थोडी अधिक वेळा करावी: गाडी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा आठ-दहा दिवसांनी, मग महिना झाल्यावर. त्यानंतर महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी पुरते. निरोगी टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा कमी होतेच. एकच चाक इतर तिघांपेक्षा भराभर उतरत असेल तर मात्र कारण शोधावे. खिळा, गळका वॉल्व्ह किंवा रिमला टायर नीट न बसणे, यांपैकी काहीतरी निघते, आणि शेवटची दोन कारणे गाडी नवी असताना सापडली तर ती शोरूमच्या गळ्यात घालता येतात. त्यासाठी तारखेसह लिहून ठेवलेले आकडे उपयोगी पडतात, नुसते ‘हवा कमी होते’ असे सांगून कोणी ऐकत नाही.

पहिल्या सर्व्हिसनंतरही गेज बाहेर काढावे. तिथे हवा भरून देण्याचा रिवाज आहे, पण गाडी धावत आलेली, गरम, आणि आकडा तिथल्या माणसाच्या सवयीचा. माझी गाडी संध्याकाळी परत आली तेव्हा कामाच्या कागदावर ‘टायरमधील हवा’ या ओळीपुढे बरोबरची खूण होती. सकाळी दारात मोजले तर चारही चाकांत ३६ आणि स्टेपनीला कोणी हातच लावलेला नव्हता. तीन-तीन पौंड सोडले, चारही टोपणे खिशातून काढून परत लावली आणि वहीत तारीख घातली.